डेव्ह आर्नसन, ७ एप्रिल आणि आमचा शनिवारचा डाव

लालफासा
मंडळी, आज ७ एप्रिल. २००९ साली याच दिवशी डेव्ह आर्नसन गेला. अमेरिकेतल्या मिनेसोटात, सेंट पॉलला, कॅन्सरने. वय ६१.

कोण हा, असं निम्मे जण विचारणार म्हणून आधीच सांगतो. डंजन्स अँड ड्रॅगन्स (डीएनडी) नावाचा जो खेळ आहे, कागद-पेन्सिल-फासे घेऊन टेबलाभोवती बसून खेळायचा, तो दोघांच्या नावावर आहे, गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नसन. गायगॅक्स २००८ च्या मार्चमध्ये गेला तेव्हा जिकडेतिकडे त्याच्यावर लिहून आलं. तेरा महिन्यांनी आर्नसन गेला तेव्हा आमच्या ग्रुपमधल्या एकाने मेसेज टाकला, "तो दुसरा पण गेला रे". तो दुसरा! मला ते तेव्हाही खटकलं होतं आणि आजही खटकतंय.

तर प्रश्न दोन. एक, तुमच्या मते हा खेळ कुणाचा? ज्याने आधी खेळवला त्याचा, की ज्याने तो लिहून छापला त्याचा? दोन, येत्या शनिवारी आम्ही त्याच्या आठवणीत एक डाव लावतोय, मी सूत्रधार आहे, कुठलं साहस घेऊ ते सुचवा. (सूत्रधार = डंजन मास्टर. हा शब्द आमच्या ग्रुपात पंधरा वर्षं चालतोय, त्यावर वाद नको.)

गनिमी_कावा
पहिला! आता वाचतो.

शंकेखोर
वाद नको म्हटलं की वाद होणारच. सूत्रधार कसा काय? नाटकातल्या सूत्रधाराला शेवट माहीत असतो. तुझ्या डावात तुला स्वतःला तरी माहीत असतं का पुढे काय होणार ते?

लालफासा
@शंकेखोर नसतं. मागच्या महिन्यात चार तास खपून एक राक्षस तयार केला, त्याचा इतिहास लिहिला, आणि या लोकांनी त्याला कर्ज देऊन परत पाठवला.

पोळपाट
मला काही कळत नाही यातलं पण धागा उघडला कारण माझा मुलगा दर शुक्रवारी रात्री कॉम्प्युटरवर मित्रांसोबत हेच खेळतो आणि साडेअकराला ओरडतो, "माझे चारच एचपी उरलेत!" मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा वाटलं प्रिंटरचं काहीतरी. हे काय असतं ते कुणी नीट सांगेल का? त्याला विचारलं तर म्हणतो, "आई, तुला नाही कळणार."

लालफासा
@पोळपाट ताई, कळणार, अगदी सोपं आहे. एक जण सूत्रधार, बाकीचे एकेक पात्र घेतात, कुणी लढवय्या, कुणी चोर, कुणी जादूगार. सूत्रधार सांगतो, तुम्ही भुयारात आहात, समोर दरवाजा आहे, पलीकडून घोरण्याचा आवाज येतोय, काय करता? मग तुम्ही सांगायचं काय करता ते. काहीही. दार फोडा, मागे फिरा, घोरणाऱ्याला उठवून रस्ता विचारा. जमेल की नाही शंका असेल तिथे फासा टाकायचा. बस. सोंगट्या नसल्या तरी चालतं, पट नसला तरी चालतं.

एचपी म्हणजे हिट पॉइंट्स, तुमच्यात किती दम शिल्लक आहे त्याचा आकडा. ही गोष्ट आर्नसनचीच आहे. आधी जे मध्ययुगीन लढायांचे नियम ते लोक वापरत होते त्यात घाव बसला की माणूस मेला, संपलं. युद्धाच्या खेळात ते चालतं, शंभर शिपायांतला एक गेला तर कोण रडतं. पण इथे प्रत्येकाकडे एकच माणूस, त्याला नाव दिलेलं, त्याच्यावर जीव जडलेला. लोक कुरकुर करायला लागले. आर्नसनने तेव्हा अमेरिकन यादवी युद्धातल्या चिलखती जहाजांसाठी नियम केले होते, त्यात जहाज किती मार सोसून बुडतं याचा हिशेब होता. तोच त्याने माणसांना लावला. म्हणजे तुमचा मुलगा शुक्रवारी रात्री ओरडतो तो खरं तर बुडणाऱ्या बोटीचा हिशेब आहे. आता मोबाईलवरच्या कुठल्याही गेममध्ये वर जी लाल पट्टी कमी होत जाते ना, ती याचीच नातवंडं.

पोळपाट
अगंबाई. हे त्याला माहीत असेल का? आज विचारते जेवताना.

चिवडा_पार्टी
यात काय नवीन, मारामारीत कुणाचा किती दम उरला ते आम्ही गल्लीत पण मोजायचो.
(दिवे घ्या)

बर्फाळ_बंडू
मी मिनीॲपोलिसला राहतो, सेंट पॉल माझ्या घरापासून वीस मिनिटांवर, त्यामुळे मला लिहिणं भाग आहे. आज एप्रिलची ७ तारीख आणि अंगणाच्या कोपऱ्यात अजून बर्फाचा काळपट ढीग आहे. इथला हिवाळा भोगल्याशिवाय हा खेळ इथेच का जन्मला ते समजणार नाही. नोव्हेंबरपासून घराबाहेर पडायची सोय नाही आणि प्रत्येक घराला तळघर. कपडे धुवायचं मशीन, बॉयलर, जुन्या खुर्च्या आणि एक पिंगपाँगचं टेबल. आर्नसनच्या आईवडिलांच्या घरीही हेच, तळघर आणि पिंगपाँगचं टेबल. पोरं तिथे बसून नेपोलियनच्या लढाया खेळायची. १९७१ मध्ये एकदा सगळे नेहमीप्रमाणे आले, बघतात तर टेबलावर नेपोलियन गायब आणि मध्ययुगीन किल्ल्याचं मॉडेल. त्याने तो शनिवार-रविवार टीव्हीवर राक्षसांचे सिनेमे बघत, पॉपकॉर्न खात, ग्राफ पेपरवर भुयारं काढत घालवला होता असं तो स्वतः सांगायचा. किल्ल्याचं आणि गावाचं नाव ब्लॅकमूर. किल्ल्याखाली भुयारं.

तळघरात बसून तळघराचा खेळ काढला राव. याहून मिनेसोटन काही असू शकत नाही.

गनिमी_कावा
वाचला. माझं मत: गायगॅक्स. आयडिया कुणाच्याही डोक्यात येतात हो, माझ्याही येतात, ओला-उबर यायच्या आधी मला सुचलं होतं. छापलं कुणी? पैसे कुणी घातले? नोकरी गेलेला माणूस, विमा कंपनीतली नोकरी, पाच पोरं, घरात बूट दुरुस्त करून भागवत होता आणि तरी त्याने आणि त्याच्या मित्राने हजार-हजार डॉलर टाकून कंपनी काढली. जानेवारी १९७४ ला १,००० डबे काढले, दहा डॉलरला एक, घरी बसून पुस्तिका डब्यात भरल्या. हे सगळं आर्नसनने केलं असतं का? त्याच्या हातात राहिलं असतं तर आजही त्या तळघरातच असतं.

जुनी_झेरॉक्स
@गनिमी_कावा तुझं ओला-उबर वाचून चहा सांडला.

माझा अनुभव. ९४-९५ साल, पुण्यात हॉस्टेल. एका सिनिअरचा भाऊ अमेरिकेहून आला त्याने एक पुस्तक आणलं होतं, त्याची झेरॉक्स, त्या झेरॉक्सची झेरॉक्स आमच्याकडे आली. अर्धे तक्ते काळे ठिक्कर, आकडे वाचता येत नव्हते, आठ की तीन यावर एकदा रात्री दोन वाजता भांडण झालं होतं. आणि वीस बाजूंचा फासा आणायचा कुठून? लक्ष्मी रोडला खेळण्यांच्या दुकानात विचारलं तर माणूस म्हणाला, "वीस बाजूंचा? मग तो थांबतो कसा?" शेवटी एकाच्या घरून हाऊजीचा सेट आणला, त्यातले १ ते २० नंबर काढून स्टीलच्या मिसळणाच्या डब्यातल्या एका वाटीत टाकले, वर झाकण, खडखडवायचं आणि एक काढायचा. आवाज इतका यायचा की रेक्टर दोनदा वर आले. दुसऱ्यांदा आले तेव्हा थांबले, दहा मिनिटं बघितलं आणि म्हणाले दार का नाही फोडत सरळ.

सांगायचं ते हे की त्या झेरॉक्सवर आर्नसनचं नाव नव्हतं. मुळात होतं आणि झेरॉक्समध्ये गेलं, की नव्हतंच, हे मला कितीतरी वर्षांनी कळलं.

काळाकोट
नव्हतंच असण्याची शक्यता जास्त. यावर कोर्टात गेलं होतं प्रकरण. १९७४ च्या डब्यावर दोघांची नावं होती. आर्नसन नंतर कंपनीत नोकरीलाही लागला, पण १९७६ संपायच्या आत बाहेर. १९७७ पासून कंपनीने 'अ‍ॅडव्हान्स्ड' नाव लावून नवी पुस्तकं काढली, त्यावर नाव फक्त गायगॅक्सचं, कारण कंपनीचं म्हणणं हा वेगळाच खेळ आहे, सबब जुन्या कराराची रॉयल्टी लागू नाही. आर्नसनने १९७९ मध्ये दावा लावला. १९८१ च्या मार्चमध्ये तडजोड झाली, अटी गुप्त.

आता धागाकर्त्याच्या प्रश्नावर. कायद्याने विचाराल तर खेळाच्या कल्पनेवर, खेळायच्या पद्धतीवर कॉपीराइट मिळतच नाही. तिकडे नाही, इकडेही नाही. मिळतो तो ज्या शब्दांत लिहिलं त्यावर. कायद्याला कागद दिसतो, तळघर दिसत नाही. आर्नसनची पंचाईत तिथेच होती. गायगॅक्स सांगायचा की त्याच्याकडून हाताने लिहिलेली वीसेक पानं आली, बाकीचं मी उभं केलं.

शंकेखोर
हे गायगॅक्स सांगायचा. ज्याच्यावर दावा लागला तो सांगायचा.

काळाकोट
बरोबर, म्हणून मी "गायगॅक्स सांगायचा" असंच लिहिलंय. सवय आहे.

कणकवली_पॅसेंजर
वीस पानं म्हणजे कमी कशी? आमच्या आजीच्या कुळथाच्या पिठीची कृती चार ओळींत आहे, त्यातल्या दोन ओळी "अंदाजाने" आहेत. वहिनीने ती लिहून काढली तर दीड पान झालं. पिठी वहिनीची झाली का? पण हेही खरं की आजी गेल्यावर आता आम्ही वहिनीच्याच दीड पानावर जगतोय.

गनिमी_कावा
@कणकवली_पॅसेंजर म्हणजे तुमचं मत नक्की कुणाला?

कणकवली_पॅसेंजर
मत नाही, भूक लागली.

तुकतुकीत
सापशिडी ज्ञानेश्वरांनी काढली, मोक्षपट. आपल्याकडे हे सगळं आधीच होतं.

जुनी_झेरॉक्स
आला. मी बाराव्या प्रतिसादाला येईल म्हणून पैज लावली होती, सोळा-सतराव्याला आला. लोक सुधारतायत.

लालफासा
@तुकतुकीत तशी परंपरा सांगतात, आणि मोक्षपट सुंदरच आहे. पण त्यात तुम्ही काय करता याला काहीच अर्थ नसतो ना, दान पडेल तिकडे जायचं. साप आला की गिळला. सापाशी बोलता येत नाही.

मालवणी_खाजा
सापाशी बोलण्याचा विषय निघालाच आहे तर मी थोडं लांबड लावतो. आमच्याकडे जत्रेक रात्रभर दशावतार असता. ज्यांनी बघितला नाही त्यांच्यासाठी, दशावताराला लिहिलेली संहिता नसते. कंपनी देवळात येते, कोण काय काम करणार आणि आज कुठलं आख्यान ते ठरतं, कथा कुठून कुठे जाणार ते सांगितलं जातं, मग ज्याने त्याने आपापलं तोंड रंगवायचं आणि पहाटेपर्यंत संवाद आयत्या वेळी, समोरच्याने काय टाकलं त्यावरून. पायपेटीवर बसलेला माणूस सगळ्यांवर लक्ष ठेवून असतो, कुणी भरकटला की पद उचलतो आणि गाडी रुळावर आणतो. मी लहानपणी त्या पेटीवाल्याकडेच बघत बसायचो, राजाकडे कोण बघतो.

मुंबईत पहिल्यांदा मित्राने डीएनडी खेळायला बसवलं तेव्हा पंधरा मिनिटांत म्हटलं, अरे हे तर माहितीतलं आहे. सूत्रधार वगैरे काही नाही, तो पेटीवाला आहे.

शंकेखोर
हे आवडलं. तरी एक शंका (नावाला जागतो). आख्यानात शेवटी देव जिंकणार हे शेंगदाणे विकणाऱ्यालाही माहीत असतं. डीएनडीमध्ये तुमचा नायक दुसऱ्याच खोलीत खड्ड्यात पडून मरू शकतो.

मालवणी_खाजा
मान्य. आमच्याकडे राक्षस मरतो पण मरायच्या आधी पाऊण तास भांडतो. आणि लोक त्या पाऊण तासासाठीच येतात.

बर्फाळ_बंडू
@मालवणी_खाजा तुम्ही आयत्या वेळच्या संवादाचं लिहिलंत म्हणून ही गोष्ट. आर्नसनच्याही आधी त्यांच्या ग्रुपात डेव्हिड वेस्ली म्हणून होता. १९६९ च्या सुमारास त्याने एक लढाई मांडली, ब्राउनस्टाइन नावाचं काल्पनिक जर्मन गाव, नेपोलियनचा काळ. सैन्य येण्याआधी गावात काय चाललंय म्हणून त्याने काही जणांना गावातली माणसं करायला दिली, कुणी महापौर, कुणी बँकवाला, कुणी विद्यापीठाचा कुलपती. झालं, लोक दोघं-दोघं मिळून शेजारच्या खोलीत जाऊन कारस्थानं करायला लागले, वेस्लीला कळेना कोण कुठे आहे, लढाई झालीच नाही. त्याला वाटलं सपशेल फसलं. तर सगळे म्हणाले, पुढचा कधी?

पुढच्या एका डावात, लॅटिन अमेरिकेतला देश, क्रांती चाललीय, आर्नसन विद्यार्थी क्रांतिकारक होता, काम काय तर पत्रकं वाटणं. हा पठ्ठ्या घरून सीआयएचं खोटं ओळखपत्र बनवून घेऊन आला. कुणी सांगितलं नव्हतं, नियमात नव्हतं. खिशातून काढून दाखवलं आणि बाकीच्यांना पटवलं की मी खरा तर गुप्तहेर. शेवटी हेलिकॉप्टरमधून उरलेली पत्रकं खाली फेकत निघून गेला. मग वेस्लीला लष्करातून बोलावणं आलं, तो गेला, आणि खेळ चालवायचं आर्नसनकडे आलं.

मला विचाराल तर खेळ त्या ओळखपत्राने सुरू झाला. आधीच्या खेळांत नियमात नाही म्हणजे करता येत नाही. याने उलटं केलं, नियमात नाही ना, मग करून बघू.

चिवडा_पार्टी
आमच्या ऑफिसात पण एकाने खोटं ओळखपत्र करून जिममध्ये प्रवेश मिळवला होता, पण त्याला सहनिर्माता म्हटलं नाही कुणी, नुसतं काढलं.

गनिमी_कावा
बरं बंडूशेठ, ओळखपत्राची गोष्ट भारी आहे, थोडा सरकलो मी. पण तरी सांगा, ही गोष्ट जगभर गेली कशी? १९७२ च्या हिवाळ्यात आर्नसन गाडी काढून विस्कॉन्सिनला लेक जिनिव्हाला गेला, गायगॅक्सच्या घरी बसून त्याला ब्लॅकमूर खेळवलं. त्या रात्री गायगॅक्स "छान होतं" म्हणून झोपी गेला असता तर? तो टंकलेखन यंत्रावर बसला म्हणून आपण इथे भांडतोय.

जुनी_झेरॉक्स
आणि हा गेला नसता गाडी काढून तर तो काय टाइप करणार होता?

काळाकोट
यावर उत्तर नाही, म्हणूनच तडजोड होते.

लालफासा
मला या सगळ्यात एक गोष्ट फार गमतीची वाटते. ज्याच्या टाचणांना लोक नावं ठेवायचे, तो माणूस १९९९ पासून फ्लोरिडात एका विद्यापीठात गेम डिझाइन शिकवायचा, २००८ पर्यंत. विषयाचं नाव 'रूल्स ऑफ द गेम'. म्हणजे खेळाचे नियम नीट कसे लिहायचे! मध्ये २००२ ला स्ट्रोक येऊन गेला तरी शिकवत राहिला. पोरं तिथे येणार कॉम्प्युटर गेम बनवायला शिकायला आणि हा त्यांना कागदावर बसवणार.

कणकवली_पॅसेंजर
आजीने शेवटी पाककृतीचे क्लास काढले म्हणा की.

पोळपाट
आले जेवून. त्याला विचारलं, "एचपी कुठून आला माहितीये का?" म्हणाला, "गेममधून." मग मी सांगितलं बोटीचं. पोळी हातात तशीच. म्हणाला, "आई, तुला कुणी सांगितलं?" मी म्हटलं, "आहेत माझे पण मित्र." आता तो तुमचा धागा वाचतोय मागे उभा राहून.

मालवणी_खाजा
हॅलो बाळा. अभ्यास कर.

शंकेखोर
सगळे पहिल्याच प्रश्नात अडकलेत, दुसरा राहिला. शनिवारी काय खेळवणार? माझं मत, 'टेंपल ऑफ द फ्रॉग'. १९७५ च्या ब्लॅकमूर पुस्तिकेतलं, त्याचंच, आणि अशा खेळासाठी छापून आलेलं पहिलं तयार साहस तेच. बेडकाचं देऊळ, दलदल, वेडे पुजारी. त्याच्या आठवणीत खेळायचं तर दुसरं कुठलं घेणार.

जुनी_झेरॉक्स
+१. फक्त जपून, ते फारच अवघड आहे, सैन्याशिवाय जाऊ नये असं. आम्ही तिघं गेलो होतो. गेलो होतो म्हणजे आत गेलो, एवढंच.

लालफासा
ठरलं. बेडकाचं देऊळ. शनिवारी चार वाजता, माझ्याकडे, आणि ज्यांना येता येत नाही त्यांच्यासाठी व्हिडिओ कॉल लावतो. एक जागा रिकामी आहे.

पोळपाट
मला जमेल का हो? म्हणजे मुलगा म्हणतोय विचार. म्हणजे मीच म्हणतेय.

लालफासा
ताई, जमेल का काय, आत्ताच बघू. तुम्ही दलदलीतून चालत आलायत, गुडघ्यापर्यंत चिखल, संध्याकाळ झालीय. समोर दगडी भिंत, त्यात लाकडी दरवाजा, बंद. आत कुणीतरी आहे. काय करता?

चिवडा_पार्टी
ताई फोडा दार!

गनिमी_कावा
आधी कान लावून ऐका. नेहमी ऐकायचं आधी.

पोळपाट
बेल वाजवते.

लालफासा
बेल नाहीये ताई. ११ व्या शतकासारखं समजा.

पोळपाट
मग कडी वाजवते. आणि ओरडून सांगते की लांबून आलेय, पाय धुवायला थोडं पाणी मिळेल का.

लालफासा
पंधरा वर्षं खेळ चालवतोय, या दारावर चार वेगवेगळे ग्रुप आणलेत. एकाने जाळलं, दोघांनी फोडलं, एक ग्रुप परत गेला. पाणी कुणी मागितलं नव्हतं.

वीसचा फासा टाका ताई. जास्त पडला तर बरं.

पोळपाट
फासा मुलाच्या खोलीत आहे आणि तो आता दार लावून बसलाय फोनवर, मित्रांना बोटीचं सांगतोय. हाऊजीचा डबा आहे कपाटात. चालेल?

जुनी_झेरॉक्स
चालेल काय, धावेल!! १ ते २० काढा आणि स्टीलच्या वाटीत टाका.

पोळपाट
१७.